साडेसात अंशांचा उतार

विमान उतरवताना साधारण ३ अंशांचा उतार धरतात, म्हणजे १ किलोमीटर पुढे जाताना ५२ मीटर खाली. लंडन सिटी विमानतळ १९८७ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे हा उतार ७.५ अंश होता, म्हणजे १३२ मीटर! जुन्या गोदीतली १०८० मीटरची धावपट्टी, आजूबाजूला वस्ती, आवाजाची कटकट... दुसरा इलाज नव्हता.

डॅश-७ सारख्या पंख्याच्या विमानांना ते जमायचं. जेटला नाही. का? घाट उतरताना गाडी आपोआप पळते ना, तसंच. इंजिन अगदी मंद केलं तरी वेग आवरत नाही, आणि शेवटी नाक उचलून तो जोर मोडायला फार थोडा वेळ उरतो. म्हणून १९९२ मध्ये धावपट्टी ११९९ मीटर केली, उतार ५.५ अंशांवर आणला. मग शेपटीला एअरब्रेक असलेलं बीएई १४६ आलं.

मला सगळ्यात भारी वाटतं एअरबस ए३१८. तिथे बदललं ते सॉफ्टवेअर (आपली जमात!): उतरतानाच पंखांवरच्या फळ्या थोड्या वर येऊन हवा अडवतात. २००९ ते २०२० ब्रिटिश एअरवेज याच विमानाने इथून न्यूयॉर्कला जायची. फक्त जाताना आयर्लंडमध्ये शॅननला थांबून इंधन भरावं लागे. एवढ्या आखूड पट्टीवरून भरल्या टाकीने उडता येत नव्हतं.