चिखलात हात घालायचा हक्क

१९४४च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण सगळ्यांना मोफत झालं, हे इथे शिकलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. पण त्या ‘सगळ्यांना’मध्ये सगळे नव्हते. एखादं मूल शाळेत शिकण्याजोगं नाही, असं स्थानिक शिक्षण खातं ठरवू शकत होतं. मग ते मूल आरोग्य खात्याकडे जायचं. म्हणजे ते विद्यार्थी राहायचं नाही, फक्त पेशंट व्हायचं. ही व्यवस्था थेट १ एप्रिल १९७१पर्यंत चालली.

आमची आजची गोष्ट त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची, लंडनच्या चेल्सी भागातली. ती समजायला आधी थोडं मागे, डेन्मार्कला जाऊ या.

१९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुपला एक वेगळंच मैदान सुरू झालं. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आलं होतं, की मुलं नीटनेटक्या बागेपेक्षा बांधकामाच्या जागी, भंगारात जास्त रमतात. म्हणून एमड्रुपला मुलांना माती, लाकूड, विटा आणि हत्यारं दिली. बाकी सगळं त्यांनीच करायचं.

मार्जरी अ‍ॅलन या ब्रिटिश उद्यानरचनाकार १९४६ साली तिथे गेल्या आणि भारावून परतल्या. लंडनमध्ये तेव्हा बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांना तोटा नव्हता. या जागा मुलांना द्या, असं त्यांनी लेख लिहून मांडलं, आणि हळूहळू ‘अ‍ॅडव्हेंचर प्लेग्राउंड’ उभी राहू लागली.

पण या मैदानांवर अपंग मुलं कुठे होती? त्यांना जपायचं, म्हणजे घरात ठेवायचं. पडेल, लागेल, हात घाण होतील. खेळ मिळालाच तर व्यायाम म्हणून, कुणीतरी ठरवून दिलेला. अ‍ॅलनबाईंचा हट्ट उलटा होता: ज्या मुलाला जगाचा अनुभव कमी मिळतो, त्याला तो जास्त मिळायला हवा. १९७० साली चेल्सीत खास अपंग मुलांसाठी असं मैदान सुरू झालं. तिथे वाळू होती, पाणी होतं, चढउतार होते, आणि सोबतीला मोठी माणसं होती. पण खेळ काय खेळायचा ते मूल ठरवणार.

यात एवढं मोठं काय, असं वाटेल. जरा विचार करा. ज्या मुलाची बोटं नीट वळत नाहीत, त्याला ठोकळ्यावर ठोकळा रचता येत नाही. तो खेळ त्याला दर वेळी हरवतो. पण ओल्या वाळूवर नुसती मूठ दाबली तरी खूण उमटते. पाण्यावर हात आपटला की पाणी उडतं. न दिसणाऱ्या मुलाला कोरडी वाळू, ओली माती, झाडाची साल यांतला फरक हाताला कळतो. एखाद्याला चिखलाचा स्पर्शच नको असतो. मग तो आधी काडीने ढवळतो, नंतर एक बोट बुडवतो, किंवा बुडवत नाही. इथे चुकीचं उत्तर नसतं.

आज ‘सेन्सरी प्ले’ म्हणून प्लॅस्टिकचे ट्रे विकत मिळतात. ते वाईट नाहीत. पण चेल्सीत वाळूइतकंच महत्त्वाचं होतं ते मुलावर विश्वास टाकणं. सरकारी कागदावर जी मुलं शिकण्याजोगी नव्हती, ती तिथे रोज काहीतरी शोधून काढत होती.

अ‍ॅलनबाई १९७६ साली गेल्या. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी स्वतःला ‘अशिक्षित बाई’ म्हटलं होतं.

आपल्या मराठी मंडळांच्या पिकनिकला शंभर माणसं जमतात. त्यात व्हीलचेअरवरची, न बोलणारी मुलं किती दिसतात? ती आपल्यातही आहेतच. पुढची पिकनिक ठरवताना त्यांच्या आईबाबांना आधी फोन करा, आणि जागा अशी निवडा की त्यांचाही हात मातीपर्यंत पोचेल.