दोन वेळचे निर्वासित

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवसाच्या आधी आणि नंतर घरदार सोडावे लागलेल्या माणसांचा विचार मात्र आपण एकत्र करीत नाही.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने नांदेड-लातूर भागातील अनेक हिंदू कुटुंबे निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात आणि सोलापूर-बार्शीकडे गेली. सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर तीच पाळी मुसलमानांवर आली. खेड्यापाड्यांतील अनेकांनी हैदराबाद शहर गाठले. रझाकारांचा प्रमुख कासीम रझवी लातूरला वकिली करीत असे. त्याच्या कृत्यांची किंमत तेथील सामान्य मुसलमानांनी मोजली. पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे गणले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते.

दोन्ही वेळी धर्मापायी माणसे परागंदा झाली आणि परमुलखात पहिला आसराही त्यांनी स्वधर्मीयांतच शोधला. तो मोलाचा खराच. पण संसार पुन्हा उभा राहायचा तर काम हवे आणि भरवशाचा शेजारी हवा. याच समितीने नोंदवले आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी प्राणही गमावले. समान व्यवसायाचा हा जिव्हाळा धर्माच्या उन्मादापुढेही टिकला. मुक्तिदिनाच्या भाषणांत या विणकरांचेही स्मरण व्हावे, असे आम्हांला वाटते.