तळटीप १४ : मानेची नळी

१४. लेखकाने इथे ‘मानेची शीर दबली’ एवढेच म्हटले आहे. पण शर्टाची बटणे लागेनाशी होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे एकट्या शिरेची नव्हेत. मज्जारज्जूच दाबला जात असावा. मानेत ७ मणके. वरच्या दोघांत, म्हणजे अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिसमध्ये, गादी नसते, आणि मान डावी-उजवीकडे वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम तिथेच होते. झीज बहुधा खाली, पाचव्या ते सातव्या मणक्यांच्या दरम्यान होते. गादीतले पाणी आटते, ती चेपते, कडांना हाडाचे काटे येतात, मागचा पिवळा अस्थिबंध जाड होऊन आत दुमडतो. निरोगी प्रौढात तिसऱ्या मणक्याखाली मज्जारज्जू ज्यातून जातो ती नळी पुढून मागे साधारण १७ मिमी असते. १० मिमीच्या आत आली की मज्जारज्जूला जागाच उरत नाही. मान मागे टाकली की ती आणखी आवळते. त्यामुळे छत रंगवताना हातांना मुंग्या येत, हे लेखकाचे पुढचे निरीक्षण अचूक आहे. (शेजाऱ्याने सुचवलेले मान मोडून घेणे मात्र वाचकांनी करू नये.) दुखणे मुळीच नसू शकते, म्हणून निदान लांबते. मानेच्या पट्ट्याने नळी रुंद होत नाही. जपानी शल्यविशारद हिराबायाशी यांनी १९७७ साली मणक्याची मागची कमान दारासारखी एका बाजूने उघडून जागा करण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती आजही होते. — संपा.