गुराबेचा नकाशा

लाकडी शिडाच्या जहाजाची छोटी प्रतिकृती घरी जोडायची असेल, तर तिचे तयार संच आता मिळतात. माझ्या भाच्याने आखातातून असा एक संच आणला. खोक्यात कापलेल्या लाकडी फासळ्या होत्या, बारीक फळ्यांचे जुडगे होते, पितळेच्या चिमुकल्या तोफा आणि दोरखंडांसाठी दोऱ्याची रिळं होती. आणि सगळ्यांत वर, घडी घातलेला मोठा नकाशा होता. जहाज होतं अमेरिकेचं, 1797 साली पाण्यात उतरलेलं ‘कॉन्स्टिट्यूशन’. फळी गरम पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने वाकवायची, फासळ्यांवर बसवायची. पंधरवडाभर आमचं घर त्यातच रमलं होतं. तेव्हा भाच्याच्या मुलाने विचारलं, “मामा आजोबा, आपल्या गुराबेचं खोकं कुठे मिळतं?”

आम्ही राहतो मालवणच्या किनाऱ्यावर. समोर 1664 ते 1667 या काळात उभा राहिलेला सिंधुदुर्ग. मराठी आरमाराचं नाव घेतल्याशिवाय इथला इतिहास सुरू होत नाही. त्यामुळे प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र दुकानात नाही, इतिहासात शोधावं लागतं.

अशा संचाची सुरुवात लाकडापासून नव्हे, कागदापासून होते. अठराव्या शतकात इंग्लंडच्या शाही गोद्यांत आधी नकाशे काढत, मग लाकूड कापत. त्यातले हजारो नकाशे आज ग्रिनिचच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. या कागदाचं मोल किती होतं, याची एक गोष्ट थेट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. इंग्रजी आरमारासाठी मुंबईच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज बांधायचं ठरलं. तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजावरून इकडे निघाले. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ पडली ती त्याच ‘कॉन्स्टिट्यूशन’शी. लढाईत ‘जावा’ नष्ट झालं आणि नकाशेही गेले. इंग्लंडहून पुन्हा नकाशे आले, तेव्हा कुठे जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाचं ते जहाज उभं राहिलं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं. आज दोनशे वर्षांनंतरही ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. हात आपल्या कारागिरांचे, लाकूड आपलं. पण सोबत कागद होता, म्हणून त्याची नेमकी प्रतिकृती आजही करता येते.

कोकणातल्या मेस्त्र्यांची रीत वेगळी. त्यांचा नकाशा डोक्यात आणि हातात. पठाण, म्हणजे होडीचा तळाचा कणा, किती लांब ते ठरलं की रुंदी किती, उंची किती, नाळ किती उचलायची, हे सगळं त्या हिशेबातून निघे. बापाच्या हाताखाली मुलगा शिके. ज्ञान पक्कं होतं, पण ते माणसाबरोबर चाले आणि माणसाबरोबरच जाई.

गुराब कशी होती, हे आपल्याला बरंचसं परक्यांच्या लिखाणातून कळतं. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो, की तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, तर दोन डोलकाठ्यांची 150 टनांपर्यंत असे. ती पाण्यात कमी बुडे, लांबीच्या मानाने रुंद असे, पुढे निमुळती होत जाई आणि नाळेकडून दोन तोफा समोर रोखलेल्या असत. गलबत सहसा 70 टनांच्या आतलं, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांनी वारा नसतानाही धावणारं. वर्णन चांगलं आहे. पण फासळी कुठे किती वळवायची, डोलकाठी नेमकी कुठे रोवायची, हे त्यातून कळत नाही. चित्रकाराला एवढं पुरेल, सुताराला पुरणार नाही.

मग मूळ जहाजं कुठे गेली? 13 फेब्रुवारी 1756 च्या सुमारास विजयदुर्गाच्या पाण्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य आणि समुद्रातून वॉटसनचं इंग्रजी आरमार, असा तो वेढा होता. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच पकडून आणलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं आणि शेजारी नांगरलेल्या गुराबांना आग लागत गेली. जहाज हाच जिथे नकाशा, तिथे जहाज जळणं म्हणजे दप्तरही जळणं. पुढे आनंदराव धुळपांच्या काळात विजयदुर्गाचं आरमार पुन्हा नावारूपाला आलं, पण त्याही गुराबांपैकी आज एक उभी नाही. उरली आहे ती गिर्ये गावाजवळ, वाघोटणच्या खाडीकाठी खडक फोडून केलेली गोदी. शंभर मीटरांहून लांब असलेली ती रिकामी जागा जहाजांच्या आकाराबद्दल थोडंफार सांगते.

आणखी उरले आहेत ते शब्द. मी कवी, त्यामुळे माझं लक्ष तिकडे जातंच. ‘गुराब’ हा शब्द अरबीतल्या ‘गुराब’वरून आला, त्याचा अर्थ कावळा. सुकाणू अरबी, खलाशी अरबी, नाखवा फारसी. शीड, वल्हं, डोलकाठी आपली. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान होते, तसा मायनाक भंडारीही होता. माणसं जशी एका तक्त्यावर उभी राहिली, तसे शब्दही राहिले. ते टिकले, कारण ते रोज बोलले गेले.

नकाशा नसला म्हणजे सगळं संपलं, असं मात्र नाही. अजिंठ्याच्या लेण्यातल्या, पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधलं गेलं. केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. चित्रात न दिसणारं गणित शोधायला मद्रासच्या आयआयटीत त्याच्या छोट्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. मे 2025 मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात आलं आणि जानेवारी 2026 मध्ये शिडांवर मस्कतला पोहोचलं. म्हणजे प्रतिकृती हे केवळ दिवाणखान्यातलं शोभेचं खेळणं नाही, ते शोधाचं साधनही आहे.

पण अजिंठ्याचं चित्र दीड हजार वर्षं टिकलं. आपल्या खाडीतली होडी तेवढं थांबणार नाही. फायबरच्या होड्या आल्या, त्या परवडतात आणि मच्छीमाराने त्या का घेऊ नयेत? मात्र माडाखाली उलटी पडलेली लाकडी होडी सरपणात जाण्याआधी तिची मापं घ्यायला काय हरकत आहे? पठाणावर हाता-हाताच्या अंतराने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपाशी ओळंबा सोडून उंची आणि रुंदी मोजायची आणि आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यायची. लाकूड कोणतं, साग की फणस की उंडी, तेही लिहायचं. आणि शेजारी म्हाताऱ्या मेस्त्रींना बसवून प्रत्येक भागाचं नाव विचारायचं.

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना हे एका सुट्टीत जमण्यासारखं आहे. त्या कागदांतून गुराब परत येणार नाही. पण आपल्या एखाद्या होडीचं खोकं तयार होईल, आणि त्यात घडी घातलेल्या नकाशावर पठाण, नाळ, सुकाणू ही नावं मराठीत छापलेली असतील. भाच्याच्या मुलाला मी तेच सांगितलं. येत्या मे महिन्यात तो टेप घेऊन येणार आहे.