द्राक्षासवाचे गोत्र

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे वाडवडील सांगून गेले. मद्याचे नाव त्यांनी त्यात घातले नाही, हे माझ्या पथ्यावरच पडले.

काही वर्षांपूर्वी वर्गातील मुलांना घेऊन मी नेवाशाला गेलो होतो. ज्ञानेश्वरीची आठवण सांगणारा पैसाचा खांब दाखवून झाला आणि प्रवरेकाठी मी मोठ्या ऐटीत सांगितले, "पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी इथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. रोमन कुंभांची खापरे निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीचे द्राक्षासव इथवर येई!"

एका पोराने विचारले, "गुरुजी, दारू तर केव्हाच वाळून गेली. मग ती इटलीचीच, हे कशावरून?"

मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्यामागोमाग घरी आला.

इटलीचे मद्य भारतात येई, हे खरेच. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचच्या आयातीत ते नोंदले आहे. शिवाय लाओदिकेयाचे आणि अरबस्तानचेही. पण ग्रंथातली नोंद म्हणजे हातातल्या खापराची जन्मपत्रिका नव्हे. ती पत्रिका मातीतल्या खनिजांत असते. खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. माती वेसुवियस ज्वालामुखीच्या परिसरातली असेल, तर ऑगाइट या खनिजाचे कण दिसतात. भारतात मिळालेल्या काही खापरांत ते दिसले आणि त्यांचे गोत्र पक्के झाले.

सगळ्यांचे मात्र नाही. रोबर्टा टोम्बर या विदुषीने भारतातील खापरे पुन्हा तपासून २००७ साली दाखवून दिले, की रोमन म्हणून गणलेली कित्येक खापरे मेसोपोटेमियाकडच्या, बुडाशी निमुळत्या कुंभांची आहेत. त्यांच्या आत डांबराचा लेप असतो. रोमन मद्यकुंभांत पाइनच्या राळेचा. रोमच्या नावाचा दरारा असा, की इराणी आखातातून आलेल्या खलाशांचे श्रेय आम्ही परस्पर रोमच्या पदरात टाकले होते!

आज बाटलीतल्या मद्याचीही अशीच चौकशी होते. द्राक्षवेल जमिनीतून स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य शोषते. त्याच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण खडकाखडकांगणिक निराळे असते, आणि वेलीतून द्राक्षात, द्राक्षातून मद्यात ते जवळजवळ तसेच उतरते. मद्य गाळताना वापरलेली माती किंवा मळ्यातले खत कधी घोटाळा करते. म्हणून एका पुराव्यावर शहाणे लोक निकाल देत नाहीत.

पुढल्या वर्षी नव्या वर्गाला घेऊन मी पुन्हा प्रवरेकाठी उभा राहिलो. म्हणालो, "मुलांनो, इथल्या खापरांविषयी गेल्या वर्षी मी जरा घाईने बोललो होतो." मास्तराची चूक ऐकायला वर्ग इतका शांत बसलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.