दिवसांना रंग कोण देतं?

डिसेंबर लागला की मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात नव्या वर्षाच्या डायऱ्या मांडल्या जातात. हल्ली त्यांच्या शेजारी रंगीत पेनांचे संचही असतात. घेणाऱ्यांत तरुण मुलंमुली बरीच. ऑफिसची कामं निळ्यात, घरची हिरव्यात, हप्ते आणि बिलं लाल, डॉक्टरच्या तारखा जांभळ्या, अशी वाटणी करून ते वर्ष लिहायला घेतात. हे नुसते हौसेचे चाळे आहेत असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दिवसाला रंग देण्याची रीत कागदाहूनही जुनी आहे. त्यात नवीन आहे ते एवढंच, की कोणत्या दिवसाला कोणता रंग हे आता डायरीचा मालक स्वतः ठरवतो. हा हक्क त्याच्या हातात यायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात इजिप्तपासून करावी लागते. तिथल्या लेखनिकाचं साहित्य म्हणजे लाकडाची एक अरुंद पट्टी. मधल्या खाचेत लव्हाळ्याच्या काड्या आणि वरच्या टोकाला दोन खळगे. एका खळग्यात काजळीची काळी वडी, दुसऱ्यात गेरूची लाल. काडी पाण्यात बुडवायची, वडीवर फिरवायची आणि लिहायचं. मुख्य मजकूर काळ्यात, मथळे लाल. वैद्यकाच्या पपायरसांत एक उपचार संपून दुसरा कुठे सुरू होतो, हे लाल ओळीवरून नजरेला लगेच कळतं.

याच दोन वड्यांनी त्यांनी दिवसही रंगवले. कैरोच्या संग्रहालयात रामेसिस राजांच्या काळातला एक पपायरस आहे, अभ्यासक त्याला 'कैरो कॅलेंडर' म्हणतात. त्यात वर्षाचे दिवस ओळीने दिलेले आहेत. प्रत्येक दिवसाचे तीन भाग आणि प्रत्येक भागाला शुभ किंवा अशुभ असा शेरा. शुभ काळ्या शाईत, अशुभ लाल. पुढे त्या तिथीला देवांच्या जगात काय घडलं याची हकिकत आणि माणसाने काय करावं, काय टाळावं याच्या सूचना, त्यांत घराबाहेर पडू नये अशीही. आपल्याकडे चौघडिया पाहून निघणाऱ्याला हे पान परकं वाटणार नाही. लाल हा तिथे वाळवंटाचा आणि सेथ या उपद्रवी देवाचा रंग, म्हणून धोक्याच्या दिवसांना तो मिळाला. यात वाचणाऱ्याला काडीचाही वाव नव्हता. दिवस कसा आहे ते देवळात ठरलेलं असे, त्याने फक्त पाहून वागायचं.

रोममध्येही भिंतीवर दिनदर्शिका रंगवत. त्यांतली एक इटलीत अँझियोला, नीरोच्या वाड्याच्या अवशेषांत सापडली. ज्युलियस सीझरने कालगणना सुधारली त्याच्याही आधीची, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. महिन्यांचे उभे स्तंभ, त्यांत आठ दिवसांच्या बाजारचक्राची अक्षरं, कोणत्या दिवशी न्यायालयाचं काम चालतं आणि कोणत्या दिवशी नाही याच्या खुणा, सणांची नावं, सगळं काळ्या आणि लाल रंगात. पुजाऱ्याच्या पंचांगात कचेरीचं वेळापत्रक मिसळलं होतं. रंगाच्या वंशावळीत मला ही भिंत फार मोलाची वाटते, कारण एखाद्या दिवशी दावा लावता येईल का, असा अगदी व्यवहारातला प्रश्न घेऊन माणूस तिच्यापुढे उभा राहू शकत होता.

ख्रिस्ती युरोपने लाल रंग सणांना दिला. मध्ययुगात श्रीमंत घरांतून हस्तलिखित प्रार्थनापुस्तकं असत. त्यांच्या सुरुवातीला बारा महिन्यांची दिनदर्शिका. साध्या संतांचे दिवस काळ्या किंवा तपकिरी शाईत, मोठे सण लाल, कुठे कुठे निळे, आणि फार खर्चिक पोथी असली तर सोन्याने लिहिलेले. लाल मजकूर लिहिणारा माणूसच वेगळा असे. काळं लिहिणारा जागा सोडून पुढे जाई आणि हा मागाहून येऊन ती भरी. त्याच्या वाटीतलं मिनियम म्हणजे आपला शेंदूर, शिशापासून केलेला. त्याच काळात आपल्याकडे पोथ्या लिहिणाऱ्यांजवळ हिंगूळ, गेरू आणि हरताळ असे. अध्यायाच्या शेवटची पुष्पिका, दंड, आकडे यांवर लाल हात फिरवत. लिहिताना चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत, म्हणजे चूक झाकली जाई आणि वर पुन्हा लिहिता येई. रंगाचं काम इथे आणि तिथे सारखंच होतं, घाईत असलेल्या नजरेला नेमकं ठिकाण दाखवायचं.

छपाई आली तेव्हा लाल रंगाने मोठी अडचण केली. गुटेनबर्गने बायबल छापायला घेतलं आणि पहिल्या काही पानांवर मथळे लाल छापून पाहिले. त्यासाठी तोच कागद दुसऱ्यांदा यंत्राखाली घालावा लागे, ओळी जुळवाव्या लागत. त्याने तो नाद सोडला आणि लाल मथळ्यांची जागा हाताने भरण्यासाठी मोकळी ठेवली. १४५७ मध्ये माइन्झला फुस्ट आणि शोफर यांनी स्तोत्रांचं पुस्तक काळ्या, लाल आणि निळ्या रंगात छापून दाखवलं. पण दुसरा रंग म्हणजे दुसरा खर्च, हे छापखान्याचं गणित पुढची कित्येक शतकं सुटलं नाही. म्हणून छापील कॅलेंडरात लाल रंग मोजकाच राहिला, आणि मोजका राहिला म्हणूनच त्याचा मान टिकला.

त्या लाल रंगात आपल्या इथल्या एका लढ्याचाही वाटा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीतलं एक कारण होतं. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दर सातव्या घरात दिसणारा लाल आकडा चर्चच्या परंपरेतून आला हे खरं, पण गिरणगावातल्या माणसाला तो लोखंड्यांमुळे मिळाला.

रंगाची दुसरी शाखा सत्तेची आहे. बायझंटाइन सम्राट पहिला लिओ याने इसवी सन ४७० मध्ये फर्मान काढलं की सम्राटाच्या सहीची किरमिजी शाई दुसऱ्या कोणी बनवायची नाही, जवळ बाळगायची नाही. हा विचार अजून जिवंत आहे. आपल्या केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत काळी आणि निळी शाई सर्वांसाठी आहे. लाल किंवा हिरवी सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांनी, तीही क्वचितच वापरावी, असा दंडक आहे. हिरव्या सहीचा दबदबा तालुक्याच्या कचेरीत दाखला घ्यायला गेलेल्या कोणालाही माहीत असतो. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफिल्ड स्मिथ-कमिंग हिरव्या शाईत 'सी' एवढंच लिहीत आणि त्यांच्या मागून आलेल्या प्रमुखांनी ती प्रथा चालू ठेवली. शाळेतल्या लाल शेऱ्याचं मूळ मी याच शाखेत धरतो. तो रंग मास्तरांचा असतो, मुलाने वापरायचा नसतो.

या दोन्ही शाखांत एक गोष्ट मात्र नव्हती. मालकाने स्वतः भरायचा कोरा दिवस. पंचांग असो की पाश्चात्त्य कॅलेंडर, दिवस आधीच भरलेला मिळायचा. १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल एक्स्चेंजजवळ जॉन लेट्स या कागदविक्याने व्यापाऱ्यांसाठी तारखा छापलेली डायरी काढली. वर तारीख, खाली मोकळी जागा. माझ्या मते या सगळ्या मागोव्यातलं मोठं वळण ते हेच. पुढचा दिवस कसा असेल हे सांगायचं सोडून पुस्तक विचारू लागलं की त्या दिवशी तुमचं काय आहे? शंभर वर्षांनी फिलाडेल्फियात सुट्या पानांची वही आली. १९२१ पासून लंडनची नॉर्मन अँड हिल कंपनी ती विकू लागली, आणि तिचं फायलोफॅक्स हे नाव १९८०च्या दशकात नोकरदारांच्या तोंडी बसलं.

जागा मिळाली, पण रंग नव्हता. कारण साधं आहे. टाकाने लिहायचं म्हणजे दोन रंगांना दोन दौती आणि दोन टाक. घाईत लाल टाक काळ्या दौतीत गेला की दोन्ही शाया गढूळ. लाल शाई स्वतःही महाग होती. युरोपात ती किरमिजी किड्यांपासून किंवा पतंगाच्या लाकडापासून काढत. १८७४ मध्ये हाइनरिख कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने इओसिन बनवलं आणि लाल शाई स्वस्त झाली, पण ती उन्हात लवकर उडते. कचेऱ्यांत हिशेबनीस आणि तपासनीस दोन दौती ठेवत, घरी कोण ठेवणार? रंगाने वेळ दाखवायची रीत तेव्हा संस्थांत रुजली. अमेरिकेतल्या कित्येक इस्पितळांत परिचारिका दिवसपाळीच्या नोंदी निळ्या किंवा काळ्या शाईत, संध्याकाळच्या हिरव्या आणि रात्रीच्या लाल शाईत करत. डॉक्टर सकाळी आला की रात्री काय झालं ते वाचण्याआधीच दिसे.

ही कोंडी बॉलपेनाने फोडली. लास्लो बिरो याचं पेटंट १९३८ चं. त्याची शाई घट्ट, मलमासारखी. ती गळत नाही, टोपण नसलं तरी चटकन वाळत नाही. म्हणूनच एका नळीत चार रिफिली शेजारी शेजारी बसवता येतात, फाउंटन पेनात ते जमणं कठीण. मार्सेल बिश यांच्या कंपनीने १९५० मध्ये साधं बिक पेन आणलं आणि १९७० मध्ये चाररंगी. ते उघडून पाहिलं तर कारागिरी कळते. चार रिफिली, प्रत्येकीवर एक बारीक स्प्रिंग आणि वरून बाहेर आलेली एक रंगीत कळ. निळी कळ दाबली की ती आतल्या कडेला अडकते आणि टोक बाहेर येतं. मग लाल दाबली की तीच निळीला ढकलून सोडवते, निळी खाट्‌कन वर जाते आणि लाल तिच्या जागी उतरते. काळा, निळा, लाल, हिरवा. लेखनिकाचा, मास्तरांचा आणि साहेबाचा, असे सगळे रंग एकाच माणसाच्या खिशात आले आणि कोणाच्या परवानगीची गरज उरली नाही.

पुढचं फार वेगाने झालं. १९६३ मध्ये अमेरिकेत हायलायटर आला, १९७१ मध्ये जर्मनीत स्टॅबिलो बॉस, १९८४ मध्ये ओसाकाच्या साकुरा कंपनीचं जेल पेन. जपानमध्ये खिशातली डायरी हा नोकरदाराच्या आयुष्याचा भागच आहे, त्यामुळे तिथे रंगांचा विचारही खोल झाला. साइतो ताकाशी या प्राध्यापकांनी २००२ मध्ये तीनरंगी बॉलपेनाने वाचण्याची पद्धत मांडली. अत्यंत महत्त्वाचं ते लाल, बऱ्यापैकी महत्त्वाचं ते निळं, आणि आपल्याला स्वतःला भावलेलं ते हिरवं. पहिले दोन रंग मजकुराचे, तिसरा वाचणाऱ्याचा. मला ही वाटणी अतिशय आवडते. डायरीतसुद्धा एक रंग असा असावा, जो कामाचा प्रकार न सांगता ते आपल्याला हवंसं वाटतं एवढंच सांगेल. आठवडा उलटून पाहिला आणि तो रंग कुठेच नसला, तर ते एका दृष्टिक्षेपात कळतं.

आपल्या घरांत ही रीत डायरीपेक्षा भिंतीवर वाढली. जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केलं आणि पंचांग, सुट्या आणि तारखा एका पानावर आल्या. त्या चौकोनांत घरोघरच्या बायकांनी आपला संसार लिहिला. दुधाचा खाडा, कामवाल्या मावशींचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, मुलाची फी. शेजारी खिळ्याला दोरीने बांधलेलं पेन. कितीतरी घरांत खाड्याला लाल फुली असते आणि बाकी नोंदी निळ्या, कारण महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब करताना तेवढ्याच फुल्या मोजायच्या असतात. छापलेला लाल आकडा कालगणनेचा, हाताने काढलेली लाल फुली घरच्या बाईची. इजिप्तच्या देवळातला हक्क इथे स्वयंपाकघरात आलेला दिसतो.

पण स्वतः ठरवलेल्या रंगांना एक धोका आहे आणि तो मला खरोखर काळजीचा वाटतो. कैरो कॅलेंडर आज वाचता येतं, कारण तिथे लाल रंगासोबत 'अशुभ' हा शब्दही लिहिलेला आहे. आपल्या डायऱ्यांत नुसता रंग असतो. जांभळं म्हणजे दवाखाना हे लिहिणाऱ्यालाच माहीत, आणि चार वर्षांनी त्यालाही नक्की आठवत नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांना तर ते पान पहिल्या दिवसापासून मुकं. शिवाय खोडता येणारी नवी जेल पेनं आहेत. पायलट कंपनीने २००६ मध्ये युरोपात आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये आणलेल्या फ्रिक्शनची शाई घासल्यावर जी उष्णता होते तिने, म्हणजे साधारण ६० अंश सेल्सिअसला, अदृश्य होते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली वही कोरी व्हायला तेवढं तापमान पुरे. बेत बदलणाऱ्यांसाठी हे पेन उत्तम, पण जन्म, ऑपरेशन, घराचा करार अशा नोंदींना ते वापरू नये. त्यांना गेरूसारखी रंगकणांची शाई लागते, आणि तशी जेल पेनं बाजारात मिळतात. ती घ्यावीत, रंग चार-पाचच ठेवावेत, आणि डायरीच्या पहिल्या पानावर कोणता रंग कशाचा हे शब्दांत लिहावं, पेन बदललं तर त्या यादीत तारखेसह दुरुस्ती करावी.