पूनालाइट ते कॅव्हॅन्साइट : खनिज सिद्ध होण्याचा इतिहास

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. त्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे असंख्य पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांत झिओलाइट गटातील, म्हणजे सिलिकेटच्या सच्छिद्र सांगाड्यात पाणी सामावून घेणाऱ्या खनिजांचे, स्फटिक वाढले. एकोणिसाव्या शतकात हे स्फटिक युरोपातील संग्राहकांपर्यंत पोहोचू लागले आणि त्यांच्या आधारे महाराष्ट्राशी निगडित नावे धारण करणाऱ्या काही नव्या खनिजांची मांडणी झाली. त्या नावांचे पुढे काय झाले, हे पाहिले असता खनिज सापडणे आणि ते स्वतंत्र प्रजाती म्हणून सिद्ध होणे यांत किती अंतर असते, हे ध्यानात येते.

इंग्लंडमधील स्फटिकशास्त्रज्ञ हेन्री जेम्स ब्रुक यांनी 1831 मध्ये पुणे परिसरातून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांना ‘पूनालाइट’ हे नाव दिले. त्या काळी खनिज ओळखण्याचे प्रमुख साधन कोनमापक हे होते. एकाच प्रजातीच्या स्फटिकांचा आकार लहानमोठा असला, तरी त्यांच्या समान पृष्ठांमधील कोन कायम राहतो, या तत्त्वावर ते आधारलेले होते आणि 1809 मध्ये वोलास्टन यांनी परावर्तित प्रकाशावर चालणारा कोनमापक तयार केल्यापासून बारीक स्फटिकांचे मोजमापही शक्य झाले होते. परंतु नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट ही सोडियम व कॅल्शियमच्या प्रमाणात भिन्न असलेली तीन खनिजे बाह्यरूपाने इतकी सारखी असतात, की केवळ कोनांवरून त्यांची सीमा आखणे अवघड होते. पुढील अभ्यासात पूनालाइट हे आधीच ज्ञात असलेले मेसोलाइटच असल्याचे दिसले आणि पुण्याचे नाव खनिजांच्या यादीतून गळाले.

‘हिस्लोपाइट’ची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. नागपूरमधील मिशनरी व भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव डब्लिनच्या सॅम्युएल हॉटन यांनी 1859 मध्ये नागपूर परिसरातील एका हिरव्या खनिजाला दिले. मात्र हा हिरवा पदार्थ म्हणजे कॅल्साइट आणि त्यात मिसळलेले हिरवे ग्लॉकोनाइट यांचा संयोग होता. प्रजातीला निश्चित रासायनिक संघटन आणि निश्चित स्फटिकरचना असावी लागते. दोन खनिजांचे मिश्रण कितीही लक्षणीय असले, तरी त्याला प्रजातीचा दर्जा मिळत नाही.

क्ष-किरण स्फटिकातून जाताना अणूंच्या मांडणीनुसार विखुरतात, हे 1912 मध्ये उघड झाले आणि खनिजाची अंतर्गत रचना थेट तपासता येऊ लागली. पुढे आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने 1959 मध्ये नव्या खनिजांसाठी आयोग नेमला. संशोधकाने रासायनिक विश्लेषण, स्फटिकरचना, प्रकाशीय व भौतिक गुणधर्म आणि आढळस्थान यांसह प्रस्ताव द्यावा, आयोगाच्या सदस्यांनी त्यावर मत द्यावे आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो प्ररूप नमुना संग्रहालयात सुरक्षित ठेवावा, अशी शिस्त रुजली. नाव सुचवण्याइतकेच ते पडताळून पाहण्याची सोय ठेवणेही त्यामुळे आवश्यक ठरले.

या नव्या शिस्तीतून सिद्ध झालेले कॅव्हॅन्साइट प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले. स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे यांनी 1973 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या घटकांवरून त्याचे नाव घडले असून त्याचा गडद निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो. याच लेखात त्याच रासायनिक सूत्राचे पेंटागोनाइट हे दुसरे खनिजही वर्णिले होते. कॅव्हॅन्साइटमध्ये सिलिकेटच्या थरांत चार व आठ घटकांची कडी असतात, तर पेंटागोनाइटमध्ये सहा घटकांची. संघटन एक आणि रचना दोन, अशी ही द्विरूपी जोडी आहे. रासायनिक विश्लेषणावरच थांबले असते, तर तिची दोन स्वतंत्र खनिजे म्हणून नोंद झाली नसती.

ओरेगॉनमधील स्फटिक लहान व दुर्मीळ होते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून 1980 च्या दशकाच्या अखेरीस जे निळे गुच्छ निघू लागले, त्यांनी हे खनिज जगभरच्या संग्रहालयांत पोहोचवले आणि आज कॅव्हॅन्साइट म्हटले की प्रथम वाघोलीचेच नाव घेतले जाते. तरीही प्रजातीचे मूळ स्थान ओरेगॉनच राहिले, कारण पहिला वर्णित नमुना तेथील होता.

या इतिहासातून महाराष्ट्रासाठी एक ठोस धडा निघतो. खडी व बांधकामाच्या दगडासाठी चालणाऱ्या खाणींत पोकळ्या रोज फुटतात, स्फटिक बाजारात जातात आणि खाण कोणती, थर कोणता, सोबतची खनिजे कोणती, ही माहिती त्यांच्यापासून तुटते. हिस्लॉप यांच्या काळी साधने अपुरी होती. आज साधने आहेत, पण नोंद नसलेल्या नमुन्यापुढे त्यांचाही उपयोग मर्यादित ठरतो. दख्खनच्या पाषाणातील पुढची प्रजाती येथल्या नावाने टिकायची असेल, तर खाणकामगार, संग्राहक आणि विद्यापीठे यांनी मिळून नमुन्याबरोबर त्याचे आढळस्थान जपण्याची पद्धत उभी करणे अगत्याचे आहे.